थैलीची मुरडी

माझी धाकटी नणंद शालन हिचं लग्न झालं ते एकोणीसशे छप्पन साल. अक्षय्य तृतीया होऊन चार दिवस झाले होते. मांडव मोशीला आमच्या दारात, आणि नवरदेव निगडीचा. त्याचं नाव ज्योतीराम. तो सातवी पास होता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मला अक्षर येत नव्हतं, कागदावर अंगठा उठवायची. पण हाताला क्रोशा येत होता. माझं माहेर चिंचवडचं. तिथे शेजारी कुसुमताई म्हणून मास्तरीणबाई राहायच्या, त्यांनी मला शिकवलं. सुई विकतची नव्हती. मोडक्या छत्रीची काडी दगडावर घासून तिच्या टोकाला आकडी केली होती. त्याच सुईवर मी पुढे वीस वर्षं विणलं.

कुसुमताईंनी शिकवलेल्यातली मुरडी मला सगळ्यात आवडायची. आधी बोटाएवढी साखळी घालायची. परत फिरताना साखळीच्या एकेका घरात तीन तीन खांब घालायचे. घर एकाचं आणि राहणारे तिघं. जागा पुरत नाही म्हणून विणकाम आपणहून अंग मुरडतं आणि गोल गोल वळत जातं, गोगलगायीच्या पाठीसारखं. अशी मुरडी बटव्याच्या नाडीला लावली की बटवा एकदम नटतो. फक्त एक अडचण असते. सुताची मुरडी हलकी, ती लोंबत नाही, वर गोळा होते. म्हणून तिच्या शेंड्यात एक गुंज ठेवायची आणि वरून दोऱ्याने शिवून टाकायची. मग नाडी सरळ राहते आणि चालताना डुलते.

वरपक्षाच्या मानकऱ्यांना सुपारी भरून बारा बटवे द्यायचं ठरलं होतं. मी मुरड्या केल्या चौदा, दोन जास्तीच्या असाव्यात म्हणून. नऊ झाल्या आणि गुंजा संपल्या. वैशाखात गुंजेच्या वेलावर काही नसतं. माहेरी गेले होते तेव्हा सायकलवाल्याच्या दुकानापुढे जुने छर्रे पडलेले दिसले. वाटाण्याहून लहान, गुळगुळीत, पोलादी. पाच उचलून आणले.

सासूबाईंनी माझ्या ओंजळीत पाहिलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

“ह्ये काय गं दुर्गे?”

“छर्रे हायत. मुरडीत घालायला.”

“लोखंड? लग्नाच्या वस्तूत? आगं, शनीचा धातू त्यो. टाक तिकडं उकिरड्यावर.”

मी “व्हय” म्हणाले आणि टाकले नाहीत. त्या शेतावर गेल्यावर पाचही छर्रे पाच मुरड्यांत शिवले. कोणत्यात काय आहे हे त्यांना कळू नये म्हणून चौदाही मुरड्या एका परडीत घालून हलवून मिसळून टाकल्या. वरून सगळ्या सारख्याच दिसत होत्या, लाल पांढऱ्या. माझ्या तोंडावरूनही कळायला नको म्हणून मी स्वतःही परत हाताळून पाहिल्या नाहीत. मला त्यात शहाणपण वाटलं.

माझे मालक अर्जुनराव दगडाच्या खाणीवर कामाला होते. मोशी आणि चऱ्होलीच्या मधल्या माळावर एका ठेकेदाराची खाण होती. तिथे सुरुंग लावून दगड फोडत. सुरुंगाची दारू एका दगडी खोलीत ठेवलेली असे आणि त्या खोलीची किल्ली मालकांकडे असे; दारूचा हिशेब ठेकेदाराचा मुनशी ठेवायचा. त्यांचा जोडीदार भिमाजी. खडकात भोकं पाडून झाली की त्यांत दारू ओतायची, वात घालायची आणि सळईने ठासायचं, हे भिमाजीचं काम. तो आमच्याच आळीत तिसऱ्या घरात राहायचा. हसरा माणूस होता, दगड लागून पुढचे दात गेलेले. त्याच्या पोटात कोणतीही गोष्ट टिकत नसे. सकाळी त्याला कळलेलं दुपारपर्यंत गावाला कळायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाचे खांब रोवायला तो आला आणि माझ्या परडीपाशी थांबला.

“वैनी, मानकऱ्यास्नी बटवं, आन आमी निस्तं खांब रोवायचं?”

“तुमाला बटवा कशाला, भावजी? सुपारी खायला दात कुठं हायत?”

“दात न्हाईत, पर थैली हाय. तिच्या नाडीला लावतो. ठेकेदार म्हनंल, भिमाजीचं बी लगीन झालं.”

“अंबुबाईला इचारलं का दुसऱ्या लग्नाचं?”

“तिला लई आनंद हुईल. तेवढाच तिचा तरास कमी.”

सगळे हसले. मी न बघता परडीत हात घातला आणि जास्तीच्या दोन मुरड्या काढल्या. एक भिमाजीला दिली. दुसरी मालकांनी घेतली आणि किल्लीच्या दोरीला बांधली. किल्ली ते करगोट्यात खोचत. म्हणाले, “आता कंबरंतनं निसटायची न्हाई.” भिमाजीची थैली कसली, हे मी विचारलं नाही. तंबाखूची असेल असं धरून चालले.

लग्न नीट पार पडलं. आठव्या दिवशी पौर्णिमा होती. शालन आणि ज्योतीराम जेवायला आले, पुरण घातलं होतं. मी मालकांची भाकरी घेऊन खाणीवर निघाले तेव्हा ज्योतीराम म्हणाला, “चला, मलाही खाण बघायची आहे.” तिघं माळाने चालत गेलो. ऊन कडक होतं. शालन नव्या जोडव्यांनी अडखळत होती आणि तो पुढे पुढे चालत होता.

खाणीच्या फाटकाशी एक पाटी होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं. दोन वर्षं मी तिच्यासमोरून जात होते. मला वाटायचं, त्यावर ठेकेदाराचं नाव असेल.

ज्योतीराम पाटीसमोर उभा राहिला, हात मागे बांधले आणि शाळेत म्हणतात तसं मोठ्याने वाचू लागला.

“सूचना. बिडी, तंबाखू व काडीपेटी आत नेण्यास सक्त मनाई आहे. खिळे मारलेला जोडा घालून आत येऊ नये. लोखंडाची कोणतीही वस्तू, लहान वा मोठी, दारूच्या खोलीत अगर दारूजवळ नेणाऱ्यास पोलिसांच्या स्वाधीन करण्यात येईल.”

शालन कौतुकाने हसली. माझ्या डोक्यावर भाकरीची टोपली होती, ती हलली.

“लोखंडानं काय हुतं?” मी विचारलं.

“ठिणगी, वैनी. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी उडते. चकमक बघितली नाही का? आन ठिणगी दारूत पडली तर...” त्याने दोन्ही हात वर उडवले. “म्हणून तर आतली सळई तांब्याची असते. फावडं लाकडाचं. कुलूपसुद्धा पितळी.”

तांब्याची सळई मी पाहिली होती. ठेकेदार श्रीमंत आहे म्हणून तांबं वापरतो असं मला वाटलं होतं.

मालकांच्या कमरेला, किल्लीच्या दोरीला माझी मुरडी होती. तीत गुंज असेल किंवा छर्रा असेल. रोज सकाळी ते वाकून दारूच्या खोलीचं कुलूप उघडत होते आणि मुरडी दगडी चौकटीवर आपटत होती. आठ दिवस आपटत होती.

फाटकावर सोपानराव रखवालदार बसायचे. मी त्यांना म्हटलं, “जरा ह्यांना बलवा की. काम हाय.”

“आता न्हाई. सुरुंग भरल्यात. थाळी वाजंल आता.”

“लई निकडीचं हाय, मामा.”

“का? घरी कोन दुखत हाय?”

मी काय सांगणार होते? सोपानरावांनी मागच्याच महिन्यात एका वडाऱ्याला जोड्यातल्या एका खिळ्यापायी हाकलून लावलं होतं. ती गोष्ट त्यांनी मला स्वतःच हसत सांगितली होती, पण तेव्हा खिळा म्हणजे लोखंड आणि लोखंड म्हणजे ठिणगी हे मला जुळलं नव्हतं. आता जुळलं. मी “काय न्हाई, मामा” म्हणाले.

थाळी वाजली. माणसं धावत दूर झाली. आम्हाला सोपानरावांनी मोठ्या धोंड्याआड बसवलं. शालनने कानांत बोटं घातली. मी घातली नाहीत. मला प्रत्येक आवाज ऐकायचा होता.

“आज किती भोकं?” मी विचारलं.

“सात,” सोपानराव म्हणाले.

पहिला झाला. जमीन पायाखाली हलली. दुसरा झाला. तिसऱ्याच्या वेळी ज्योतीराम “वा!” म्हणाला आणि मला त्याचा राग आला. चौथा, पाचवा. मग बराच वेळ काही नाही. दारूची खोली खाणीच्या पलीकडच्या अंगाला होती. तिकडून आवाज येईल, तो या सगळ्यांहून मोठा असेल, असं मला वाटत होतं. सहावा झाला. धूळ आमच्यावर आली. सातवा झाला. मी तरी कान देऊन बसले होते, आठवा येतो का म्हणून.

आठवा आला नाही. धुळीतून माणसं यायला लागली. मालक आणि भिमाजी दोघं बरोबर आले. भिमाजी खोकत होता आणि हसतही होता.

“जावईबापू! खान इकत घ्यायची का?”

मी मालकांना बाजूला धोंड्याआड ओढलं. “किल्ली द्या.”

“का गं?”

“द्या म्हनते न्हवं!”

त्यांनी दोरी काढून दिली. मी मुरडीचा शेंडा दातात धरला आणि टाके तोडले. तळहातावर गुंज पडली. लाल, काळ्या डोळ्याची. मला रडू फुटलं. मालकांना वाटलं मला ऊन लागलं. मग मी त्यांना छर्ऱ्यांचं सांगितलं.

ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. ते माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “भिमाजीनं त्याची मुरडी दारूच्या थैलीला लावलीया.”

“कसल्या?”

“दारूच्या. कातडी थैली. भोकाशी बसून नाडी वढतो आन दारू ओततो. मुरडी त्या भोकावरच लोंबती.”

तेवढ्यात भिमाजी धोंड्याला वळसा घालून आलाच. मागे सोपानराव होते.

“नवराबायकूचं काय गुलुगुलु चाललंय? वैनी, तुमची मुरडी कच्ची निघाली बरं का. शेंडा उसवला आठ दिसांत. टाका घाला तिला एक.”

मी म्हणाले, “आना की, भावजी. आत्ताच घालते. सुई हाय माज्याकडं.”

“आत्ता कुटं? थैली खोलीत गेली. खोलीला मुनशीची मोहोर लागली. उद्या बगू.”

“उद्या नगं. आजच...”

“आवं, पळून चाललीया का मुरडी?” तो सोपानरावांकडे बघून हसला. “वैनीला मुरडीची लई काळजी!”

सोपानरावही हसले. ते हसत माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, किंवा मला तसं वाटलं. मी खाली बघितलं. गुंज मुठीत होती, ती घामाने ओली झाली होती.

घरी येताना मालक माझ्या मागून चालत होते. शालन आणि नवरदेव पुढे होते. मालक हळू आवाजात बोलत राहिले. दुपारी सुरुंग झाले की मुनशी खोलीवर मोहोर लावतो आणि सकाळी ती त्याच्यासमोरच उघडते. आज काही करता येत नाही. उद्या खोली उघडली की ते आधी आत जाणार. थैली उचलून देताना नाडीची मुरडी कापून घेणार. कुणाला कळणार नाही.

“भावजींना आज घरी जाऊन सांगा की,” मी म्हणाले.

“त्याला सांगितलं की उद्या खानभर हुईल. हसत हसत सांगंल त्यो. आन मुनशी मला बेड्या घालंल. किल्ली माज्याकडं हाय. दारूच्या खोलीत लोखंड गेलं तर पहिला जाब मला.” थोडं चालून ते परत म्हणाले, “आठ दिस काय झालं न्हाई. एक रात काय हुनार हाय? रातीला तर थैली नुस्ती खुंटीला असती.”

हे मला पटलं. खरं तर मला पटवून घ्यायचं होतं.

संध्याकाळी विहिरीवर अंबुबाई भेटली. भिमाजीची बायको. तिला तेव्हा पाचवा महिना होता. कळशी तिच्याने उचलवत नव्हती म्हणून मी रहाटावर हात लावला.

“तुमची मुरडी आमच्या ह्यांना लई आवडली,” ती म्हणाली. “घरी आलं की तिचंच कवतिक. मला बी शिकवाल का? कुंचीला लावीन म्हनते.”

मी तोंड उघडलं. विहिरीवर आणखी दोघी होत्या. एकीचा नवरा मुनशीच्या घरी पाणी भरायचा. मी म्हणाले, “शिकवीन. एवढं आठ दिस जाऊ द्या.”

तिने कळशी कमरेवर घेतली आणि गेली. मी रिकामाच रहाट दोनदा ओढला.

सकाळी मालक भाकरी न खाताच गेले. पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं, एकदाच सांगितलं, आणि मरेपर्यंत परत कधी सांगितलं नाही. मुनशीने मोहोर तोडली. मालकांनी कुलूप उघडलं. ते आत जाणार तेवढ्यात मुनशी म्हणाला, “अर्जुनराव, डबे मोजायचे आहेत. तुम्ही इथे बाहेर थांबा, मी आतून सांगतो तसे आकडे ध्यानात ठेवा.” त्या दिवशीच नेमकं. भिमाजी आत गेला आणि थैली भरून बाहेर आला. मुरडी नाडीला लोंबत होती. शेंडा उसवलेला होता. आत काय आहे ते सुतात दिसत नव्हतं.

मालक म्हणाले, “भिमाजी, ती मुरडी काढ.”

“का?”

“काढ म्हनतो न्हवं.”

“वैनीनं दिलीया. तुला का पोटात दुखतंय? तुला बी हाय की.”

“माजी मी काढली.”

“मग तू काढ. मी न्हाई काढत.”

मुनशी दारातून बघत होता. म्हणाला, “काय आहे त्या मुरडीचं?”

मालक म्हणाले, “काय न्हाई, साहेब. गंमत.”

एवढंच. भिमाजी खांद्यावर थैली टाकून उतारावरून खाली गेला.

मी घरी जात्यावर बसले होते. दळण चालू ठेवलं नव्हतं. जात्याच्या घरघरीत ऐकू येणार नाही म्हणून खुंटा नुसता हातात धरून बसले होते. आत्याबाई म्हणाल्या, “दुर्गे, जात्याला टेकून झोपलीस का?” ऊन उंबऱ्याच्या आत आलं होतं. थाळी वाजायला अजून खूप वेळ होता. माळावरून एक आवाज आला. एकच. रोजच्यापेक्षा मोठा नव्हता. पण त्याच्या आधी थाळी वाजली नव्हती.

अंबुबाई तिच्या दारातून बाहेर आली आणि माळाकडे बघत उभी राहिली. मी खुंटा धरूनच बसून राहिले.

दुपारी मालक आले. त्यांच्या सदऱ्यावर राख होती. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “काय बोलायचं न्हाई.” मी बोलले नाही.

चौकशी झाली. मुनशीने सांगितलं, भिमाजीने सळई जोरात मारली असणार, घाई केली असणार. सगळ्यांना ते पटलं. थैली शिल्लक राहिली नव्हती. मुरडीबद्दल कुणी विचारलं नाही. सोपानरावांनी मला एकदा वाटेत अडवलं आणि म्हणाले, “त्या दिशी तुला भिमाजीची मुरडी आत्ताच का हवी हुती?” मी म्हणाले, “टाका उसवला हुता म्हनून.” ते फाटकाकडे चालू लागले.

पुढच्या वर्षभरात मी निगडीच्या प्रत्येक मानकऱ्याच्या घरी काहीतरी निमित्त काढून गेले आणि एकेक बटवा हातात घेऊन शेंडा दाबून पाहिला. अकरा बटवे सापडले. चारांत छर्रा होता. बारावा बटवा आळंदीला कुणाच्या तरी हातून नदीत पडला होता. पाचवा छर्रा त्या नदीत गेला असेल किंवा भिमाजी ठासत होता त्या भोकात पडला असेल. दुसरं काही असू शकत नाही. पुष्कळ वर्षं मी नदीचं धरून चालले. कधी कधी महिनाभरसुद्धा तेच खरं वाटायचं.

अंबुबाईला मुलगी झाली. तिच्या कुंचीला लावायला मी मुरड्या करून दिल्या. त्यांत काहीच घातलं नाही. त्या वर गोळा व्हायच्या. अंबुबाई म्हणाली, “ह्या लोंबत का न्हाईत?” मी म्हणाले, “अशाच करत्यात आता.” ती मला शेवटपर्यंत बहिणीसारखी वागली.

साठीला आल्यावर मी नातीबरोबर बसून अक्षरं शिकले. सगळ्यात आधी खाणीवर गेले. खाण तेव्हा बंद पडली होती, पण फाटकाजवळ पाटी होती, गंजलेली, एका बाजूला वाकलेली. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. ज्योतीरामने त्या दिवशी एकही शब्द चुकवला नव्हता.

माझे मालक अर्जुनराव १९८३ च्या पौषात घरीच गेले. अंबुबाई १९९१ साली गेली. भिमाजी शुक्रवारी, २५ मे १९५६ रोजी, वैशाख पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खाणीवर सुरुंग ठासताना मरण पावला. तो तीस वर्षांचा होता.